दीड सूत

शालिकभाऊ कोणाशीही बोलताना त्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत, त्याच्या गाडीच्या चाकाकडे पाहतात. गाडी नसली तर चपलेकडे पाहतात. माझ्या पुतण्याच्या लग्नात सजवलेली गाडी मांडवासमोर उभी राहिली, बँडवाल्यांनी जोर धरला, बायका ओवाळायला पुढे झाल्या, आणि हे गृहस्थ मागच्या चाकाशी उकिडवे बसून चाक आणि मडगार्डमधली फट बोटांनी मोजत होते. "नवरदेवाचा मामा मागं बसून आला वाटते," उठता उठता ते म्हणाले. "उजव्या बाजूनं. वजनदार मानूस हाये." मामा खरोखर उजव्या दारातून उतरला. वजनाचं म्हणाल तर जेवणाच्या पंगतीत त्याला दोन खुर्च्या एकात एक घालून द्याव्या लागल्या.

मी मोहाडीच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची आणि ती 'सविनय सादर' करायची, असा माझा धंदा. घरी आल्यावर मला कोणाचं काही ऐकायचं नसतं. आणि देवानं नेमकी शालिकभाऊंच्या भिंतीला माझी भिंत लावून दिली. भोगा आता!

शालिकभाऊ एकसष्ट वर्षांचे. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं तलावाच्या गेटवर नोकरी केली. पाण्याची पातळी वाचायची, चाक फिरवून गेट सुतानं उघडायचं आणि सुतानं बंद करायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, सुतार-गवंड्यांचं माप. जगात मिलिमीटर येऊन जमाना झाला, पण शालिकभाऊंच्या घरी तो अजून पोचलेला नाही. खिशात पाकीट नसेल, स्टीलचा टेप असतोच. आणि दारात एक पांढरी, छोटी, जुनी चारचाकी.

या गाडीनंच माझी कंबर मोडली.

झालं असं की पोळ्याच्या सुमारास त्यांच्याकडे कुरियरनं एक खोकं आलं. एवढं जड, की ते आत न्यायला मला भिंतीवरून हाक मारली. आत चार लाल स्प्रिंगा आणि त्यांच्या पोटात चकचकीत नळकांडी. "किलिकवाले शॉकअप," शालिकभाऊ म्हणाले. बाहेरच्या रिंगा फिरवून गाडी वर-खाली करता येते आणि माथ्यावरची मूठ फिरवली की किलिक, किलिक असा आवाज होऊन शॉकअप कडक किंवा नरम होतो. उजवीकडे कडक, डावीकडे नरम, एकूण चोवीस किलिक. हा शौक साधारणपणे गाडी जमिनीला टेकवून फिरवणाऱ्या पोरांचा. तुमसरच्या मिस्त्रीनं ते बसवताना विचारलंच, "काका, या वयात रेस लावाची हाये का?"

"रेस कायची गा? बहीन आनाची हाये," शालिकभाऊंनी सांगितलं.

त्या दिवसापासून त्यांची भाषा बदलली. माणसं त्यांना किलिकमध्ये दिसू लागली. कचेरीतला शिपाई सहा किलिक टाइट. आमची मंडळी बरोब्बर मधोमध सेट. "आन तुम्ही, बंडूभाऊ," ते माझ्या चपलेकडे पाहून म्हणाले, "तुमचे तर चोवीसही ढिले हायेत." मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते एक जुना वजनकाटा घेऊन दारात हजर. "उभे राहा बरं याच्यावर."

मी उभा राहिलो. खरंच ढिला माणूस आहे मी. काटा बासष्टवर थांबला आणि शालिकभाऊंचे डोळे भरून आले. मला कळेना की माझ्या वजनात रडण्यासारखं काय आहे.

"बाईचं बी बासष्टच हाये," ते म्हणाले.

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, नाकाडोंगरीला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा या बाईनंच शालिकभाऊंना अंगाखांद्यावर वाढवलं. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. नाचगाण्याची दंडार होते, नाटक होतं, जिलेबीच्या कढया लागतात आणि लेकीबाळी माहेरी येतात. बाई दर मंडईला मोहाडीला यायची आणि शालिकभाऊच तिला आणायचे-पोचवायचे. तीन वर्षांपूर्वीच्या मंडईत गंमत म्हणून दोघं धानाच्या काट्यावर चढले होते. बाई बासष्ट किलो, भाऊ अठ्ठावन्न. "माह्या वाटची जिलेबी बी तूच खाल्ली," असं म्हणून शालिकभाऊ हसले होते. दुसऱ्या दिवशी तिला पोचवायला निघाले.

तेव्हा गाडीचे जुने शॉकअप पार निकामी झालेले होते. मिस्त्रीनं दोनदा बजावलं होतं. शालिकभाऊ म्हणाले होते, "एवढी मंडई होऊन जाऊ दे." तुमसरच्या पुढे एका गावाच्या तोंडाशी नवाच ब्रेकर टाकलेला, ना त्याला पट्टा ना पाटी. मागं बसलेली बाई सीटवरून उचलली गेली आणि दाणकन खाली आदळली. "आई गं!" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "काही नाही रे, चाल." पाठीचा मणका दबला होता. दोन महिने अंथरूण, मग पट्टा. त्यानंतर बाई कोणत्याही गाडीत बसली नाही. शालिकभाऊ सुरुवातीला दोनदा जाऊन आले, मग त्यांना ते पाहवेना. फक्त फोन. फोनवर बाईचा आवाज असा खणखणीत, की भिंतीपलीकडे मला ऐकू यायचा. "मी मस्त हाये! बसून बसून जाड झाली नुसती!"

यंदा पोळ्याच्या आधी बाईनं फोनवर सांगितलं, "डॉक्टर म्हनते, हादरा नसन तर जाऊ शकतेस. यंदा मंडईले येईन. पन रस्त्यात एक डाव जरी माह्या तोंडून आई निघालं, तर तेथूनच मले वापस नेजो. आन पुन्हा बोलावजो नोको."

एवढी साधी अट. आणि त्या अटीच्या पायी अडीच महिने मी बाई झालो.

दर रविवारी सकाळी मी मागच्या सीटवर, बाईच्या जागी. मांडीवर शालिकभाऊंच्या आईचा पितळेचा गडवा, काठोकाठ पाण्यानं भरलेला. मी बसलो की आधी चाकाशी टेप लागायचा. माझ्या वजनानं गाडी बरोबर तीन सूत खाली बसायची. तीन सूत भरले की "चला". मग नाकाडोंगरीचा रस्ता, जाताना तेवीस ब्रेकर, येताना तेच तेवीस. बोलायचं नाही, खोकायचं नाही, गडवा छातीशी धरायचा नाही. प्रत्येक ब्रेकर झाला की समोरून प्रश्न, "सांडलं?"

"सांडलं."

"किती?"

"माझी पँट पाहा ना किती ते!"

गाडी बाजूला. डिक्की उघड. किलिक, किलिक. पुन्हा तोच ब्रेकर. सुरुवातीला त्यांनी सगळे किलिक नरम केले, तर गाडी ब्रेकर उतरल्यावरही चारदा हिंदकळायची आणि माझ्या पोटातलं पाणीही सांडायच्या बेतात यायचं. कडक केले तर दात वाजायचे. "कसं पायजे सांगू का?" शालिकभाऊ म्हणायचे. "एकदा वर, एकदा खाली, मंग चूप." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की एका शेतकऱ्याच्या अर्जात मी ते जवळजवळ लिहून बसलो होतो.

एकदा मी वैतागून विचारलं, "अहो, माझी कंबर दुखून राहिली, ते नाही मोजत का कुठं?"

"तुमचं कन्हनं मोजत नाही," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं वजन मोजतो."

आणि वजनावर पहारा किती! मला ताप येऊन दोन किलो उतरले, तर बुंदीचे लाडू घेऊन आले आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिले. पुढच्या पंधरवड्यात एका तेरवीच्या जेवणात मी वाढप्याला पुन्हा बोलावलं, तर पलीकडच्या पंगतीतून ओरडले, "बंडूभाऊ, बाईचं वजन बिघडते!" सगळी पंगत माझ्याकडे पाहायला लागली. काय सांगणार लोकांना?

ब्रेकरांना त्यांनी नावं ठेवली होती. एक जावई, कारण तो दरवर्षी मोठा होतो. एक तहसीलदार, कारण तो दिसतच नाही, गाठ पडल्यावरच कळतो. एका ब्रेकरला मात्र नाव नव्हतं. तो आला की ते गाडी पार उभी करत, दोन क्षण स्टिअरिंग धरून बसत आणि मग चालत्या माणसाच्या वेगानं पलीकडे नेत. तेव्हा "सांडलं?" विचारतानाही त्यांचा आवाज फुटत नसे. पहिल्यांदा मी काहीतरी विनोद केला होता. नंतर कधी केला नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तेवीसच्या तेवीस ब्रेकर झाले आणि थेंब सांडला नाही. पुढे नऊ किलिक, मागे अकरा. शालिकभाऊंनी तो आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला आणि खाली हळदीकुंकू वाहिलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नाकाडोंगरीला गेलो. मागच्या सीटवर गादी, लोड, दोन उशा. बाई सुनेच्या हाताला धरून ओट्यावर आली. थंडी पडली होती, तिनं लुगड्यावरून मोठी शाल पांघरली होती. शालिकभाऊ वाकले, पाया पडले आणि पायाकडे पाहतच म्हणाले, "बाई, बस गाडीत." दोन-अडीच वर्षांनी भेटलेल्या बहिणीच्या तोंडाकडे या माणसानं नजर उचलली नाही. अपराधी माणसाची नजर जमिनीतच राहते, हे मी कचेरीसमोर रोज पाहतो.

बाई बसली. सुनेनं उशा लावल्या. शालिकभाऊ टेप घेऊन चाकाशी उकिडवे झाले.

बराच वेळ उठेनात. मी जवळ गेलो. ते पुन्हा मोजत होते. पुसून, पुन्हा.

"बाई, नीट बस."

"नीटच बसली ना गा."

"पुरी टेकून बस."

"आता काय सीटले खड्डा पाडू?"

शालिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या चपलेकडे. "बंडूभाऊ, जमीन सपाट हाये का पाहा बरं." जमीन सपाट होती. "चाकात हवा जास्त झाली का?" हवा मोजली, तीही बरोबर होती. "गाडी बसून नाही राहिली," ते हळूच म्हणाले. "तीन सूत पायजे. दीडच होऊन राहिले."

मी गाढवासारखा म्हणालो, "शॉकअप जाम झाले असतील."

"शॉकअप नाही," शालिकभाऊ म्हणाले. "बाई."

तेव्हा मी गाडीत नीट वाकून पाहिलं. शालीच्या आत बाई होती कुठं? खांद्याची हाडं आणि दोन डोळे. माझ्या निम्मी भरली असती. सून खाली मान घालून म्हणाली, "मामाजी, दोन वर्षं झाले, पोटभर जेवतच नाही त्या. कितीक सांगतलं."

"फोनवर तर म्हने जाड झाली!"

"मंग काय सांगू तुले?" बाई आतून म्हणाली. "तू तिकडे एकटा. रडत बसला असता."

शालिकभाऊ तसेच चाकाशी बसून राहिले. टेप तसाच उघडा हातात. बासष्ट किलोच्या बाईसाठी अडीच महिने गाडी जुळवली आणि ती बाई राहिलीच नव्हती. हलक्या माणसाला तीच गाडी कडक पडणार, एवढं आता मलाही कळत होतं. स्वयंपाकघरातल्या हळदीकुंकवाचा काही उपयोग नव्हता.

"आज नोको, बाई," ते म्हणाले. "दोन रविवार थांब. मी पुन्हा सेट करतो."

"मंडई दोन रविवार थांबन का?" बाई म्हणाली. "मी थांबन का, तेही कोनाले ठाऊक. चाल."

शालिकभाऊंनी डिक्की उघडली. पाच किलिक ढिले केले. विचार केला. एक परत कसला. पुढे जाऊन तीन ढिले केले. हे सगळं नुसत्या अंदाजानं. ज्या माणसानं आयुष्यात सुताचा अंदाज कधी टेपाशिवाय केला नाही, तो माणूस! मग त्यांनी गडवा काठोकाठ भरून बाईच्या मांडीवर दिला. "सांडलं तर लगेच सांगजो. लपवजो नोको."

मी पुढं बसलो, पण दर ब्रेकरला मान मागं वळवून. पहिला ब्रेकर. "सांडलं?" "नाही." दुसरा. "सांडलं?" "नाही ना गा." जावई आला, गेला. शालिकभाऊंच्या मानेवरून घाम वाहत होता, आणि सकाळच्या थंडीत खिडक्या उघड्या होत्या. तहसीलदारावर गाडी जराशी जास्त उचलली. मी पाहिलं, बाईचे डोळे मिटलेले. "सांडलं?" "चाल, शालिक."

मग तो आला. बिननावाचा.

शालिकभाऊंनी गाडी थांबवली. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, तो शिव्या देत बाजूनं निघून गेला. शालिकभाऊ स्टिअरिंग धरून बसलेले. दोन क्षण झाले, चार झाले. "बाई," ते समोर पाहत म्हणाले, "उतरून चार पावलं पायी येशीन का?"

"बसायलाच अर्धा घंटा लागला मले. चाल."

पुढची चाकं चढली. उतरली. मागची चाकं चढू लागली तशी मी सीटची पाठ घट्ट धरली, जणू माझ्या धरण्यानं गाडी सावरणार होती. गाडी एकदा वर गेली, एकदा खाली आली. मग चूप.

"सांडलं?" आवाज नव्हताच, नुसते ओठ हलले.

"नाही."

मी गडव्यात पाहिलं. गडवा कोरडा होता. थेंब नाही. सीटही कोरडी, शालही कोरडी. बाईनं तोंडाला पदर लावला होता आणि दुसऱ्या हातानं गादी मुठीत धरली होती. तिनं मला डोळ्यांनी गप्प केलं. मग मूठ सोडली.

"पानी पेली मी," ती म्हणाली. "जावयाच्याच आधी पेली. आता सांडाची भानगडच नाही."

"बाई! मंग मले कसं समजन दुखलं का नाही ते?"

"थोडंसं दुखलं. पन आई म्हटलं का मी?"

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी.

"शालिक," बाई म्हणाली, "मागं पाह. चाकाकडे कायले पाहत बसतेस? माह्याकडे पाह."

त्यांनी मान वळवली. तीन वर्षांनी बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकसष्ट वर्षांचा तो माणूस भर रस्त्यात हमसाहमशी रडला. बाईनं मागूनच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पुरे झालं रे. गाडी बाजूले तरी घे. बंडूभाऊ हसतीन." मी हसत नव्हतो. मी आरशात पाहून नाक पुसत होतो.

मंडई झाली. दंडार पाहायला बाई खुर्चीवर बसून होती, मांडीवर जिलेबीचा पुडा. परत जायचा दिवस आला आणि शालिकभाऊंनी जाहीर केलं की गाडी अजून सेट नाही, जाता येणार नाही. त्याला आता दोन महिने होत आले. सकाळी भिंतीपलीकडून आवाज येतो, "बाई, अजून एक भाकर." "नोको रे." "अर्धी." "बरं, अर्धी." माझी रविवारची ड्युटी सुटली, तेरवीची पंगतही मला मोकळी झाली.

आता रविवारी गाडी कुठंच जात नाही. अंगणात उभी असते. बाई मागच्या सीटवर जाऊन बसते आणि शालिकभाऊ चाकाशी उकिडवे होतात. परवाच्या रविवारी भिंतीवरून हाक आली. "बंडूभाऊ! धावा! गाडी बसली!"

गेलो. "पाव सूत," ते म्हणाले. त्यांचा श्वास फुलला होता. "मागच्या आठवड्यापेक्षा पाव सूत खाली. तुम्ही पाहा. माह्या डोळ्याचा भरोसा नाही."

मी टेप लावला. एक डोळा मिटून पाहिलं. काही म्हणजे काही फरक नव्हता. असलाच तर चाकातली हवा कमी झाली असेल. पण मी अर्ज लिहिणारा माणूस आहे. कोणाला कोणत्या वाक्याची गरज आहे, ते मला समजतं.

"पाव कसलं शालिकभाऊ, चांगली अर्धा सूत बसली," मी म्हणालो.

आत बाई तोंडाला पदर लावून हसत होती. शालिकभाऊ चाकाकडे पाहत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, मी खरं बोलतो आहे की नाही ते.